नावं फळ्यावर, मतं पाकिटात

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी शहापूरचा. दिवसा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या, मशीनचे प्रोग्राम लिहितो आणि रात्री आमच्या गटाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर काम करतो. मशीनवरून उत्पादनाची माहिती गोळा करणारं ते सॉफ्टवेअर आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथले लोक त्यात आहेत, शिवाय कोल्हापूर आणि हुबळीचेही. दर दोन वर्षांनी आमचा मुख्य मेन्टेनर, म्हणजे कुणाचा कोड आत घ्यायचा ते ठरवणारा माणूस, बदलतो. यंदा पाच जणांच्या निवड समितीनं दार लावून चर्चा केली आणि एक नाव जाहीर केलं. इच्छुक कोण होते, यांनाच का निवडलं, काही सांगितलं नाही. विचारलं की उत्तर एकच, 'ते गोपनीय आहे.' निवडलेले गृहस्थ कन्नड बोलणारे आहेत. लगेच चहाच्या टपरीवर सुरू झालं की समितीत भाषा चालली. गेल्या वेळी मेन्टेनर मराठी होता तेव्हा हेच उलट्या बाजूनं ऐकलं होतं. मी एक निवेदन लिहिलं आहे : समितीची सगळी चर्चा, प्रत्येक सदस्याचं मत आणि उमेदवारांबद्दल आलेला प्रत्येक अभिप्राय सगळ्यांसमोर ठेवा. सह्या गोळा करू का?
– एक प्रोग्रामर, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. पण निवेदन असंच फिरवू नका. इच्छुक कोण होते आणि निवड कशी झाली, हे मागा. कोण कुणाबद्दल काय बोललं, ही मागणी मात्र काढून टाका.

उद्यमबागेत कोण कुणाचं जॉब वर्क करतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. कास्टिंग एकाचं, मशिनिंग दुसऱ्याचं, तपासून घेणारा तिसरा. तुमच्या गटातला एखादा पोरगा समितीला सांगतो, 'या उमेदवारानं माझा कोड महिनोन् महिने न बघता ठेवला आणि शेवटी दुसऱ्याच्या नावावर मर्ज केला, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरमध्ये घेतला.' हे समितीला कळायलाच हवं. पण त्या पोराच्या मालकाला ज्या कंपनीची ऑर्डर येते, तिथंच हा उमेदवार मॅनेजर असला तर? एकदा ते वाक्य बाहेर आलं की पुढच्या निवडीला तो पोरगा तोंड उघडणार नाही. मग बोलतील ते ज्यांना कुणाची भीती नाही ते, म्हणजे मालक आणि मोठ्या पगाराचे. बंगळूरात एकाशी बिनसलं तर माणूस दुसरी कंपनी गाठतो. आपल्याकडे तोच उमेदवार पुढच्या महिन्यात लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला असतो, त्याचा भाऊ सोसायटीच्या कमिटीवर असतो. उघड बोलण्याची किंमत आपल्या भागात जास्त पडते, आणि ती सगळ्यांत दुबळ्या माणसाला मोजावी लागते. तुमच्या निवेदनानं नेमकं त्याचंच संरक्षण जाईल, समितीचं काही बिघडणार नाही.

नेटवर्किंगमधल्या नोकरीत असताना इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्समध्ये, म्हणजे आयईटीएफमध्ये, मला काम करायला मिळालं. एका वर्षी तिथल्या पदांवर माणसं निवडणाऱ्या समितीच्या चिठ्ठीत माझं नाव निघालं. आत लोक काय बोलले ते मी आजही सांगणार नाही. समितीची पद्धत मात्र कुणालाही वाचता येते, आणि ती तुमच्या उपयोगाची आहे.

आयईटीएफ 1986 सालची. तिथं सभासदत्वच नाही. जो येईल, लिहील, हरकत घेईल, तो त्यातला. साहजिकच मतदारयादी करता येत नाही. 1992 साली हे प्रकरण पेटलं. इंटरनेटला जोडलेल्या संगणकांना लागणारे पत्ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं होतं, आणि इंटरनेट आर्किटेक्चर बोर्ड या वरच्या मंडळानं जपानमधल्या कोबे इथं बसून ठरवलं की पुढची पत्तेपद्धत सीएलएनपी या दुसऱ्याच घराण्यातल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर, बेतायची. प्रत्यक्ष राबणारे इंजिनिअर भडकले. पत्त्यांच्या वादाबरोबर एक जुना सवालही वर आला : या मंडळावर तुम्हाला बसवलं कुणी? त्याच उन्हाळ्यात इंटरनेटच्या जुन्या शिल्पकारांपैकी डेव्हिड क्लार्क यांनी ते प्रसिद्ध भाषण केलं : आम्हाला राजे नकोत, अध्यक्ष नकोत, मतदान नको, ढोबळ सहमती आणि चालणारा कोड यांवर आमचा विश्वास आहे. त्या भांडणातून निवड समितीची आजची पद्धत आली. तिथले लोक तिला नॉमकॉम म्हणतात.

मताचा अधिकार असलेले दहा जण, सगळे स्वयंसेवक, सगळे चिठ्ठीनं निवडलेले. एकाच कंपनीचे दोनापेक्षा जास्त चालत नाहीत. ऐन वेळी उगवलेल्या माणसाला आत येता येत नाही. आयईटीएफच्या आधीच्या पाच बैठकांपैकी तीनना हजेरी, असा नियम बरीच वर्षं होता. अलीकडे दूरून काम करणाऱ्यांनाही वाट करून दिली आहे. चिठ्ठीची तऱ्हा मला सगळ्यांत आवडली. स्वयंसेवकांची क्रमांक घातलेली यादी आधी जाहीर होते. लॉटरीच्या निकालासारखे कुठल्या तारखेचे कुठले आकडे वापरणार तेही आधीच जाहीर होतं. ते आकडे आले की ठरलेलं गणित कुणीही आपल्या घरी बसून करावं, तीच दहा नावं निघतात. अध्यक्षानं हातचलाखी केली असं म्हणायला जागाच उरत नाही. हे गणित 2004 सालच्या आरएफसी 3797 या दस्तऐवजात दिलेलं आहे. आपल्या दक्षिणेत ही जाण फार जुनी. तामिळनाडूतल्या उत्तरमेरूरला दहाव्या शतकातला चोळांचा शिलालेख आहे. ताडपत्राच्या चिठ्ठ्या मडक्यात घालायच्या आणि सभेसमोर लहान मुलाच्या हातानं काढायच्या, असं त्यात कोरलंय. आधीच्या कामाचा हिशेब न दिलेल्या माणसाला, आणि त्याच्या नातेवाइकांनाही, उभं राहता येत नसे.

ही दहा माणसं बसली की दार बंद. चर्चा गोपनीय, आलेले अभिप्राय गोपनीय. ठरलेलं नावही परस्पर लागू होत नाही, ते मंजुरीसाठी दुसऱ्या मंडळाकडे जातं. समितीनं नियम मोडले अशी तक्रार आली तर बाहेरचा मध्यस्थ नेमून निवाडा करण्याची सोय आहे.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येते. पूर्वी आयईटीएफमध्येही इच्छुकांची नावं गुप्तच असत. पण अभिप्राय मागायचा तर लोकांना नावं दाखवावी लागणार. मग समिती निवडक लोकांना यादी पाठवायची आणि खरे इच्छुक ओळखू येऊ नयेत म्हणून उभे नसलेल्यांची नावंही त्यात मिसळायची. लोक मन लावून अशा माणसांवर लिहीत बसायचे ज्यांना ते पद नकोच होतं. यादीबाहेरच्या लोकांना विचारलंच जात नसे. ज्याच्या बाजूला बसून काम केलं त्याच्याबद्दल एक शब्द सांगायची संधी नाही आणि निकाल मात्र मान्य करायचा, हे फार दिवस चालणार नव्हतं. ऑक्टोबर 2009 मध्ये आरएफसी 5680 आला आणि जे उभे राहायला तयार आहेत त्यांची नावं समितीला सगळ्यांसमोर ठेवता येऊ लागली. धास्ती होतीच की लोक प्रचार करतील, हरल्याचा बोभाटा होईल. तरीही नियम बदलला. अभिप्रायांवरचं कुलूप मात्र काढलं नाही. मला ही वाटणी पटते, आणि तुमच्या गटानं तीच मागावी असं माझं मत आहे.

म्हणजे निवेदनात काय लिहाल? या पदाला काय लागतं ते समितीनं निवडीच्या आधी लिहून द्यावं : आठवड्याला किती वेळ, कुणाचा कोड तपासायचा, नव्या पोरांना शिकवायचं की नाही. इच्छुकांची नावं त्यांच्या संमतीनं फळ्यावर लागावीत आणि अभिप्रायाला पुरेसे दिवस मिळावेत. समितीतले पाच जण कुठून आले ते कळावं. यंदा त्यांना कुणी नेमलं, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही, आणि मला सगळ्यांत जास्त खटकलं ते हेच. निकालासोबत एक परिच्छेद यावा, ज्यात निवडलेल्या माणसाचं काम पदाच्या गरजेशी कसं जुळतं एवढंच असेल. न निवडलेल्यांवर एक अक्षर नको. शिवाय दोन्ही भाषांच्या लोकांचा विश्वास असलेली एक बाहेरची व्यक्ती ठरवा, जिला हरकत आल्यास समितीचे कागद बघता येतील. नियम पाळले की मोडले एवढंच तिनं सांगायचं, आत काय वाचलं ते नाही.

राहिली भाषा. 1956 पासून आपल्या भागात जिथं म्हणून माहिती नसते तिथं हा प्रश्न येऊन बसतो. पाणी उशिरा आलं तरी भाषा, बस चुकली तरी भाषा. तुमच्या समितीला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? ती इथलीच माणसं. बेळगावात कारणं न सांगता नाव जाहीर करायचं म्हणजे लोकांच्या हातात आयतं कारण द्यायचं. यात सर्वांत मोठा अन्याय निवडलेल्या गृहस्थांवर झालाय, हे कृपा करून निवेदनात लिहा. ते कदाचित तुमच्यातले सगळ्यांत लायक असतील. गेल्या वेळचा मराठी मेन्टेनरही असेल. पण दोघांनाही ते सिद्ध करायची सोय नाही, कारण त्यांच्या बाजूचा पुरावा समितीच्या कपाटात आहे. दोन वर्षं त्यांच्या प्रत्येक मर्जकडे लोक संशयानं बघणार. निवेदनावर कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्यांच्याही सह्या घ्या, आणि मजकूर त्यांच्यासोबत बसून दोन्ही भाषांत तयार करा. त्या बैठकीतच निम्मी कुजबुज थांबेल अशी मला आशा आहे.

प्रश्न : ताई, एवढी समिती, चिठ्ठ्या, मध्यस्थ कशाला? सरळ निवडणूक घ्यावी. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचं बघा. निवडणूक होती तोवर निदान कुणाला किती मतं पडली ते तरी कळायचं.
– एक शिक्षक, कडोली

उत्तर : सर, तुमच्या गावात दरवर्षी साहित्य संमेलन भरतं, तेव्हा तुम्ही हे विचारणारच. बेळगावला अखिल भारतीय संमेलनही झालेलं आहे. 1946 चं, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचं, संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावाचं संमेलन इथलंच. अध्यक्षपदाची निवडणूक मोजक्या मतदारांची असायची, आणि मतं मागत फिरायचं नाही म्हणून कित्येक मोठे लेखक उभेच राहायचे नाहीत. 2018 साली महामंडळानं घटना बदलली आणि अरुणा ढेरे निवडणुकीशिवाय यवतमाळच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. मला तो निर्णय आवडला. पण तेव्हापासून प्रत्येक निवडीला 'आणखी कुणाची नावं होती?' हा प्रश्न येतो, आणि तो विचारणाऱ्याला वाकड्यात शिरणारा ठरवू नये.

तांत्रिक गटात निवडणूक चालते, सभासद कोण हे स्पष्ट असेल तर. पायथन ही भाषा बनवणारे खिदो फान रॉसम 2018 च्या जुलैत प्रमुखपदावरून बाजूला झाले. त्यानंतर तिथल्या मुख्य डेव्हलपरांनी पाच जणांचं मंडळ मतदानानं निवडायचं ठरवलं, आणि 2019 च्या सुरुवातीला पहिलं मंडळ आलं. तिथंही एका कंपनीचे दोनच. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा नेता तर दरवर्षी मतानं निवडला जातो.

तरी शहापूरच्या गटाला मी निवडणूक सुचवली नाही. त्यांच्याकडे हे पद पेलणारी माणसं किती असतील? दोन, फार तर तीन. त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करायचं, गट पाडायचे, आणि पडलेल्यानं सोमवारी येऊन जिंकलेल्याचा कोड तपासावा अशी अपेक्षा ठेवायची. आपल्याकडे ग्रामपंचायतीत पडलेला माणूस पुढची पाच वर्षं काय करतो ते तुम्ही बघितलंय. मोठ्या गटाला असा माणूस गमावणं परवडतं. यांना परवडणार नाही.

प्रश्न : मी अशाच एका तांत्रिक गटाच्या निवड समितीत आहे. उमेदवारांपैकी एक जण माझ्या नवऱ्याच्या मावसभावाचे धंद्यातले पार्टनर आहेत. घरी जेवायला बसलं की सुरू, 'काय चाललंय गं तुमच्यात?' सासूबाईसुद्धा विचारतात. समिती सोडू का?
– एक अभियंता, निपाणी

उत्तर : सोडू नका. समितीच्या अध्यक्षांना आजच हे नातं लेखी कळवा, आणि त्या उमेदवाराची चर्चा आली की खोलीबाहेर या, त्यांच्या बाजूनंही बोलू नका आणि विरोधातही नाही. शेवटच्या निवेदनात एक ओळ घालायला सांगा की एका सदस्यानं एका उमेदवाराच्या चर्चेत आणि मतात भाग घेतला नाही. लोकांना तेवढं पुरतं. नातं लपवलंत आणि नंतर बाहेरून कळलं, तर निवड बरोबर असूनही ती बुडेल.

घरचं जास्त अवघड आहे, हे मी जाणते. नवऱ्याला एकदा शांतपणे सांगा की हे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं नाही. ज्या मुलींनी आणि मुलांनी तुमच्याजवळ मन मोकळं केलंय त्यांना तुम्ही शब्द दिलाय, आणि त्यात 'घरच्यांना सोडून' असं काही म्हटलेलं नाही. सासूबाईंना 'निकालाच्या दिवशी सगळ्यांबरोबर कळेल' एवढंच, दर वेळी त्याच शब्दांत सांगा. आणखी एक : अभिप्राय फोनवर ठेवू नका. आपल्याकडे फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो. कागदावर लिहा, कुलपात ठेवा, आणि हरकतीची मुदत संपल्यावर कुठल्या तारखेला ते कागद नष्ट करणार हे समितीनं आधीच जाहीर करावं.

प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजच्या कोडिंग क्लबमध्ये गुप्त मतदान झालं. निकाल लागला, पण माझं मत मोजलं गेलं की नाही हे मला कसं कळणार? सर म्हणतात, गुप्त म्हटलं की विश्वास ठेवायचा.
– एक विद्यार्थिनी, अथणी

उत्तर : सरांचा मान राखून सांगते, इथं विश्वासावर सोडायची गरज नाही. डेबियनमध्ये नेत्याच्या निवडणुकीतलं मत पहिल्यापासून गुप्त आहे, तरी प्रत्येकाला आपलं मत शोधता येतं. मतदाराला एक गुप्त किल्ली मिळते. निकालानंतर सगळ्या मतांचा तक्ता जाहीर होतो, पण नावाच्या जागी त्या किल्लीपासून काढलेला हॅश असतो, म्हणजे गणितानं निघणारा असा आकडा ज्यावरून किल्ली उलट ओळखता येत नाही. आपला हॅश आपणच काढायचा, तक्त्यातली ओळ शोधायची आणि मत दिलं तसंच नोंदलंय का ते बघायचं. बेरीजही कुणीही पुन्हा करू शकतो.

इतर ठरावांवर मात्र तिथं कुणी काय मत दिलं ते नावानिशी जाहीर व्हायचं. 2021 मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन आपणच स्थापलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मंडळावर परतले, त्याबद्दल ठराव आला. वातावरण इतकं तापलेलं होतं की नावानिशी मत दिलं तर आपल्याला त्रास होईल अशी भीती लोकांना वाटली. 2022 साली त्यांनी नियम बदलून ठरावांवरची मतंही गुप्त केली. उघडपणाचा एवढा आग्रह धरणाऱ्या लोकांनी विचार करून हे केलं, हे तुमच्या सरांनाही दाखवा.

तुमच्या क्लबात साठ-सत्तर जण असतील तर संगणकही नको. प्रत्येकानं चिठ्ठीवर मताखाली स्वतःच्या मनानं एक सहा आकडी संख्या लिहावी, ती कुणाला सांगू नये. मोजणी झाली की संख्या आणि मत एवढाच तक्ता नोटीस बोर्डावर लावावा. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून चिठ्ठ्या मोजणाऱ्यांत उमेदवारांच्या वर्गातलं कुणी नको. दोघांची संख्या चुकून एक आलीच, तर दोन्ही ओळी तक्त्यात दिसतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही शेवटच्या वर्षाला असाल तर हा नियम यंदाच लिहून घ्या, पुढच्या बॅचला तो विचारायची हिंमत होईलच असं नाही.